गोलंदाजाच्या सरासरीची स्पर्धेच्या सरासरीशी तुलना

गोलंदाजाच्या सरासरीची स्पर्धेच्या सरासरीशी तुलना ही क्रीडा-सांख्यिकीतील एक पद्धत आहे. एखाद्या गोलंदाजाने प्रत्येक बळीमागे किंवा प्रत्येक षटकामागे किती धावा दिल्या, हा आकडा तिच्यात एकटा वाचला जात नाही. त्याच सामन्यात, हंगामात किंवा स्पर्धेत सर्व गोलंदाजांनी मिळून सरासरी किती धावा दिल्या, त्याच्याशी तो ताडून पाहिला जातो. येणारे गुणोत्तर सामान्यतः १०० च्या पटीत मांडतात. १०० म्हणजे स्पर्धेइतकीच कामगिरी, त्याहून अधिक म्हणजे सरस आणि कमी म्हणजे सुमार. बेसबॉलमध्ये ही पद्धत 'ईआरए प्लस' या नावाने रूढ आहे. क्रिकेटमध्ये तिला असे एकच सर्वमान्य नाव नाही. या लेखात 'सापेक्ष निर्देशांक' हा वर्णनात्मक शब्द वापरला आहे.

## मूळ मापे

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे मोजमाप प्रामुख्याने तीन आकड्यांनी होते.

* सरासरी – दिलेल्या धावा भागिले घेतलेले बळी.
* धावगती (इकॉनॉमी) – दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटके.
* स्ट्राइक रेट – टाकलेले चेंडू भागिले घेतलेले बळी.

तिन्ही आकडे कमी असणे चांगले मानले जाते. मात्र ते ज्या परिस्थितीत नोंदवले गेले, तिची खूण त्यांत कोठेही उमटत नाही. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती की पाटा, सीमारेषा जवळ होती की दूर, समोरचे फलंदाज कसलेले होते की नवखे, हे आकड्यावरून कळत नाही. इंग्लंडच्या जॉर्ज लोहमन यांनी १८८६ ते १८९६ या काळात १८ कसोटी सामन्यांत १०.७५ च्या सरासरीने ११२ बळी घेतले. जसप्रीत बुमराने डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्न येथे आपला २०० वा कसोटी बळी घेतला, तेव्हा २० पेक्षा कमी सरासरी राखून हा टप्पा गाठणारा तो पहिला गोलंदाज ठरला. नुसते आकडे पाहिले तर लोहमन बुमरापेक्षा जवळजवळ दुप्पट चांगले ठरतात. परंतु लोहमन यांच्या काळात खेळपट्ट्या उघड्या राहत आणि धावसंख्या आजच्या मानाने फार लहान असत. म्हणून असा निष्कर्ष थेट काढता येत नाही.

## बेसबॉलमधील पद्धत

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. पिचरने नऊ इनिंगमागे सरासरी किती 'अर्जित' धावा दिल्या, या आकड्याला ईआरए असे संक्षिप्त नाव आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा अर्जित धावांत धरल्या जात नाहीत. अर्जित धावांची कल्पना सामान्यतः हेन्री चॅडविक यांच्या नावाशी जोडली जाते. चॅडविक यांचा जन्म इंग्लंडमधला. अमेरिकेत ते पत्रकार झाले आणि बेसबॉलबरोबर क्रिकेटचेही वार्तांकन त्यांनी केले.

बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये एका संघाचे तीन खेळाडू बाद होतात. म्हणजे नऊ इनिंगमध्ये सत्तावीस. त्यामुळे ईआरए हा प्रत्यक्षात 'सत्तावीस बादांमागे दिलेल्या धावा' असा आकडा आहे, तर क्रिकेटची सरासरी 'एका बळीमागे दिलेल्या धावा' सांगते. ईआरएचे खरे नाते क्रिकेटमधील सरासरीशी आहे. धावगतीशी ते तितके जवळचे नाही, कारण धावगतीच्या छेदात बाद नसून चेंडू असतात.

ईआरए प्लस काढताना लीगच्या ईआरएला पिचरच्या ईआरएने भागतात, १०० ने गुणतात आणि मैदानाच्या स्वभावानुसार दुरुस्ती करतात. काही मैदानांवर धावा सहज होतात, काहींवर कष्टाने. या फरकाची भरपाई करणाऱ्या गुणकास 'पार्क फॅक्टर' म्हणतात.

या पद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण दोन पिचरचे आहे. सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सन यांचा १९६८ मधील ईआरए १.१२ होता. बोस्टन रेड सॉक्सच्या पेद्रो मार्टिनेझचा २००० मधील ईआरए १.७४ होता. सकृद्दर्शनी गिब्सन पुढे दिसतात. पण १९६८ मध्ये त्यांच्या नॅशनल लीगचा ईआरए २.९९ इतका कमी होता. फलंदाज त्या वर्षी इतके हतबल झाले की पुढील हंगामासाठी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आला. याउलट २००० मध्ये मार्टिनेझच्या अमेरिकन लीगचा ईआरए ४.९१ होता. साधा भागाकार केला तर गिब्सन यांचा निर्देशांक २६७ आणि मार्टिनेझचा २८२ येतो. मैदानाची दुरुस्ती केल्यावर ते अनुक्रमे २५८ आणि २९१ होतात. म्हणजे आपल्या लीगच्या तुलनेत मार्टिनेझची कामगिरी अधिक असाधारण ठरते.

## सूत्र आणि वाचन

क्रिकेटसाठी हेच सूत्र पुढीलप्रमाणे मांडता येते :

सापेक्ष निर्देशांक = (स्पर्धेची सरासरी ÷ गोलंदाजाची सरासरी) × १००

सरासरीऐवजी दोन्हीकडे धावगती घेतली, तरी सूत्र तेच राहते.

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. अकोल्यात टेनिस चेंडूच्या दोन स्पर्धा झाल्या. पहिली मोठ्या मैदानावर झाली आणि तिच्यात २४० षटकांत १,९२० धावा निघाल्या, म्हणजे धावगती ८.०० होती. तिच्यातील एका गोलंदाजाने २४ षटकांत १५० धावा दिल्या. त्याची धावगती ६.२५. दुसरी स्पर्धा जठारपेठेतील एका लहान मोकळ्या जागेत झाली. तेथे सीमारेषा जवळ असल्याने स्पर्धेची धावगती १०.५० पर्यंत गेली, आणि तिच्यातील एका गोलंदाजाची धावगती ७.५० राहिली. नुसत्या आकड्यांत पहिला गोलंदाज सरस आहे. निर्देशांक काढल्यास पहिल्याचा १२८ आणि दुसऱ्याचा १४० येतो.

निर्देशांक वाचताना एक चूक सहज होते. १५० या निर्देशांकाचा अर्थ 'गोलंदाजाने ५० टक्के कमी धावा दिल्या' असा नसतो. स्पर्धेने त्याच्यापेक्षा ५० टक्के अधिक धावा दिल्या, असा तो असतो. गोलंदाजाच्या बाजूने पाहिल्यास त्याने स्पर्धेच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३३ टक्के कमी धावा दिल्या. निम्म्या धावा दिल्या, तर निर्देशांक २०० येतो. हा गोंधळ टाळण्यासाठी काही बेसबॉल-अभ्यासक भागाकार उलटा करतात. त्या मांडणीत १०० पेक्षा कमी आकडा चांगला असतो आणि टक्केवारी सरळ वाचता येते.

## जामठा मैदानावरील तीन कसोटी सामने

नागपूरजवळील जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. तेथील पहिला कसोटी सामना ६ ते १० नोव्हेंबर २००८ या काळात भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला. भारताने ४४१ व २९५, तर ऑस्ट्रेलियाने ३५५ व २०९ धावा केल्या. चाळीसही बळी पडले. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा याने पदार्पणातच ३५८ धावांत १२ बळी घेतले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला तिसऱ्या दिवशी हरवले. भारताच्या धावा २१५ व १७३, दक्षिण आफ्रिकेच्या ७९ व १८५. पुन्हा चाळीसही बळी पडले. रविचंद्रन अश्विनने ९८ धावांत १२ बळी घेतले. या सामन्याच्या खेळपट्टीला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 'निकृष्ट' असा शेरा दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया येथे १७७ व ९१ धावांत बाद झाला आणि भारताने एकाच डावात ४०० धावा केल्या. या सामन्यात अश्विनने ७९ धावांत ८ बळी घेतले.

तिन्ही सामन्यांचे आकडे पुढे दिले आहेत. संघांच्या एकूण धावांत अवांतर धावा आणि एकूण बळींत धावबाद धरले असल्याने सामन्याची सरासरी ही गोलंदाजांच्या निव्वळ सरासरीपेक्षा किंचित वेगळी असते.

| सामना व गोलंदाज | गोलंदाजाची सरासरी | सामन्याची सरासरी | निर्देशांक (अ) | निर्देशांक (ब) | निर्देशांक (क) |
|---|---|---|---|---|---|
| २००८, क्रेझा | २९.८३ | ३२.५० | १०९ | ११३ | १२३ |
| २०१५, अश्विन | ८.१७ | १६.३० | २०० | २४२ | १६२ |
| २०२३, अश्विन | ९.८८ | २२.२७ | २२५ | २७१ | १३६ |

(अ) मध्ये संपूर्ण सामन्याची सरासरी आधार म्हणून घेतली आहे. (ब) मध्ये त्या गोलंदाजाचे स्वतःचे आकडे वगळून उरलेल्या सामन्याची सरासरी घेतली आहे. (क) मध्ये केवळ प्रतिस्पर्धी संघाच्या दोन डावांची सरासरी घेतली आहे, कारण गोलंदाज फक्त त्याच फलंदाजांना गोलंदाजी करतो.

या तक्त्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात.

क्रेझा आणि अश्विन यांनी एकाच मैदानावर प्रत्येकी १२ बळी घेतले, पण क्रेझाने त्यासाठी साडेतीन पटींहून अधिक धावा मोजल्या. सामन्याच्या सरासरीशी तुलना केल्यावर हे अंतर बरेच कमी होते. बळीमागे ३२.५० धावा निघत असलेल्या सामन्यात २९.८३ ची सरासरी सामान्यापेक्षा थोडी चांगलीच आहे.

अश्विनच्या दोन कामगिऱ्यांत साधी सरासरी २०१५ ची चांगली आहे. परंतु त्या सामन्यात सर्वच गोलंदाजांना बळी स्वस्तात मिळत होते. (अ) व (ब) या दोन्ही पद्धतींनी २०२३ ची कामगिरी वर जाते.

मात्र (क) पद्धतीने क्रम पुन्हा उलटतो. २०२३ मध्ये सामन्याची सरासरी वाढली ती भारताच्या ४०० धावांमुळे, आणि त्या धावा अश्विनच्या गोलंदाजीवर झालेल्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियाचे फलंदाज भारताच्या सर्वच गोलंदाजांपुढे बळीमागे १३.४० धावांवर बाद होत होते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची हीच सरासरी १३.२० होती. फलंदाजी जवळपास सारखीच कोसळली असताना २०१५ मध्ये अश्विनने सहकाऱ्यांच्या मानाने अधिक स्वस्तात बळी घेतले.

आकडे तेच आणि सूत्रही तेच असताना केवळ आधाराची सरासरी बदलल्याने उत्तर बदलते. म्हणून सापेक्ष निर्देशांक देताना तो कोणत्या सरासरीच्या तुलनेत काढला आहे, हे सांगणे आवश्यक ठरते. अनेक सामन्यांच्या हंगामात प्रत्येक संघ दोन्ही बाजूंनी वारंवार खेळतो. त्यामुळे (अ), (ब) आणि (क) यांतील अंतर तेथे बरेच घटते. एका सामन्यात ते सर्वाधिक असते.

## रणजी करंडकातील विक्रमी हंगाम

रणजी करंडकाच्या एका हंगामात सर्वाधिक बळी घेण्याचा विक्रम २०२४-२५ मध्ये विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने केला. त्याने १६.९८ च्या सरासरीने ६९ बळी घेतले. त्या हंगामात विदर्भाने जामठा येथील अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. याआधी २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये विदर्भ विजेता होता.

दुबेच्या आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमन याचा होता : २०१८-१९ मध्ये ६.४८ च्या सरासरीने ६८ बळी. त्यापूर्वीचा विक्रम दिल्लीच्या बिशनसिंग बेदी यांचा होता : १९७४-७५ मध्ये ८.५३ च्या सरासरीने ६४ बळी. बळींची संख्या जवळपास सारखी असली तरी सरासरीत मोठा फरक आहे. सरासरी हाच निकष मानला तर विक्रमधारक दुबे तिघांत शेवटचा ठरेल.

हे तिन्ही हंगाम एकाच करंडकाचे असले तरी स्पर्धेची रचना सारखी नव्हती. बेदी यांच्या काळात साखळी सामने विभागवार होत आणि दिल्लीचे साखळी सामने उत्तर विभागातील संघांशीच होत. २०१८-१९ मध्ये नऊ संघांचा स्वतंत्र प्लेट गट करण्यात आला. बिहार त्यात होता, आणि ईशान्येकडील अनेक राज्ये त्या वर्षी प्रथमच रणजी खेळत होती. अमनचे बळी या गटातील आहेत. याच गटात सिक्कीमकडून खेळताना मिलिंद कुमारने १,३३१ धावा केल्या, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणजे गटातील फलंदाजी जशी असमान होती, तशी गोलंदाजीही होती. दुबेचे बळी मात्र एलिट गटात व बाद फेरीत खेळणाऱ्या प्रस्थापित संघांविरुद्धचे आहेत.

येथे सापेक्ष निर्देशांकाची मर्यादाही दिसते. हिशेबापुरती एलिट गटाची सरासरी ३० धरली, तर दुबेचा निर्देशांक १७७ येईल. अमनचा निर्देशांक तेवढाच येण्यासाठी प्लेट गटाची सरासरी अवघी ११.५ असावी लागेल. ती त्याहून जास्त असेल, तर निर्देशांकातही अमन पुढे राहील. निर्देशांक गोलंदाजाला त्याच्या गटातील इतरांच्या तुलनेत मोजतो. दोन गटांचा दर्जा समान आहे की नाही, हे तो सांगत नाही. धावा निघण्याच्या परिस्थितीतील फरक आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जातील फरक यांसाठी वेगवेगळ्या दुरुस्त्या लागतात, आणि हे सूत्र त्यांपैकी पहिलीच करते. दुसरीसाठी दोन्ही गटांत खेळलेल्या खेळाडूंचे आकडे शेजारी मांडून पाहावे लागतात.

खेळाडूंच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. राज्य संघातून पुढच्या पातळीवर निवड करताना वेगवेगळ्या गटांतील गोलंदाज एकाच यादीत येतात. साध्या सरासरीने यादी लावल्यास पाटा खेळपट्ट्यांवर व बलाढ्य संघांविरुद्ध खेळणाऱ्यावर अन्याय होतो. नुसत्या निर्देशांकाने लावल्यास दुबळ्या गटात खेळणाऱ्याला अवाजवी झुकते माप मिळते.

## धावगतीची तुलना

बळींऐवजी धावा रोखण्याचे कौशल्य मोजायचे असल्यास हीच पद्धत धावगतीला लावतात. नाशिक येथे जन्मलेले रमेशचंद्र ऊर्फ बापू नाडकर्णी हे त्याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्र व मुंबईकडून रणजी खेळलेल्या नाडकर्णी यांनी ४१ कसोटी सामन्यांत ८८ बळी घेतले. त्यांची बळीमागील सरासरी २९.०७ असली, तरी षटकामागे त्यांनी केवळ १.६७ धावा दिल्या. त्या काळी कसोटीत षटकामागे साधारण दोन ते अडीच धावा निघत. त्या हिशेबाने त्यांचा धावगतीचा निर्देशांक सुमारे १२० ते १५० च्या दरम्यान येतो. आजच्या कसोटीत षटकामागे तीनहून अधिक धावा निघत असल्याने १.६७ हा आकडा आज अद्भुत वाटतो. मूळ काळाच्या सरासरीशी ताडल्यावर तो उत्कृष्ट राहतो, पण अशक्यप्राय वाटत नाही.

जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध नाडकर्णी यांनी ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून फक्त ५ धावा दिल्या. त्यांत लागोपाठ २१ षटके निर्धाव होती. इंग्लंडने त्या डावात सुमारे १९० षटकांत ३१७ धावा केल्या, म्हणजे डावाची धावगतीच १.६६ इतकी संथ होती. तरीही नाडकर्णी यांची ०.१६ ही धावगती इतकी लहान आहे की निर्देशांक हजाराच्या वर जातो. त्याच डावात त्यांना एकही बळी मिळाला नसल्याने बळीमागील सरासरी मात्र काढताच येत नाही.

मर्यादित षटकांच्या खेळात चित्र याच्या नेमके उलटे असते. १५ एप्रिल २०२४ रोजी इंडियन प्रीमियर लीगमध्ये सनरायझर्स हैदराबादने ३ बाद २८७ आणि रॉयल चॅलेंजर्स बंगळूरूने ७ बाद २६२ धावा केल्या. चाळीस षटकांत ५४९ धावा निघाल्या, धावगती १३.७३. या सामन्यात पॅट कमिन्सने चार षटकांत ४३ धावा देऊन ३ बळी घेतले. १०.७५ ही धावगती एरवी महाग मानली जाते, पण येथे तिचा निर्देशांक १२८ येतो.

## मर्यादा

* लहान नमुना – एका सामन्यावरून काढलेला निर्देशांक योगायोगाने सहज फुगतो किंवा आक्रसतो. छेदातील आकडा फार लहान असल्यास तो निरर्थक ठरू शकतो. मद्रासच्या डावातील हजारावरचा निर्देशांक असाच आहे.
* स्वतःचा समावेश – गोलंदाजाचे स्वतःचे आकडेही सामन्याच्या सरासरीत मिसळलेले असतात. त्यामुळे उत्तम गोलंदाजाचा निर्देशांक थोडा कमी दिसतो. मोठ्या स्पर्धेत हा परिणाम नगण्य असतो.
* गोलंदाजीचा टप्पा – विसाव्या षटकातील आणि सातव्या षटकातील गोलंदाजाला एकाच सरासरीशी ताडणे योग्य नसते. शेवटच्या षटकांत टाकणाऱ्यांची तुलना त्या टप्प्यातील सरासरीशी करावी लागते.
* क्षेत्ररक्षण – बेसबॉलप्रमाणे क्रिकेटमध्ये 'अर्जित' धावा वेगळ्या काढत नाहीत. सुटलेल्या झेलानंतर झालेल्या धावाही गोलंदाजाच्याच नावावर जमा होतात.
* मैदान – संघाचे निम्मे सामने घरच्या मैदानावर होत असतील, तर त्या मैदानाचा स्वभाव गोलंदाजाच्या आकड्यांत उतरतो. पार्क फॅक्टरसारखी दुरुस्ती न केल्यास फिरकीला अनुकूल मैदानावरचा फिरकी गोलंदाज आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

या कारणांमुळे सापेक्ष निर्देशांक साध्या सरासरीची जागा घेत नाही. तो तिच्या शेजारी वाचला जातो. सरासरीवरून काय घडले हे कळते आणि निर्देशांकावरून ते त्या परिस्थितीत किती अवघड होते याचा अंदाज येतो. त्यासाठी निर्देशांकासोबत गोलंदाजाने टाकलेली षटके, घेतलेले बळी आणि आधारासाठी घेतलेली सरासरी या तीन गोष्टी नमूद केलेल्या असाव्यात.